सोनेरी सूर्यांचा निळा फुगा

हवेत उडणाऱ्या मोठ्या फुग्याचे चित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात किंवा एखाद्या कॅलेंडरवर पाहिले असेल. वर रंगीबेरंगी पट्ट्यांचा प्रचंड फुगा, खाली टोपली आणि टोपलीत उभी असलेली माणसे. उर्दूत आपण त्याला 'गुब्बारा' म्हणतो. मराठीत तो 'फुगा' किंवा 'बलून' होतो. हा फुगा माँगोल्फिए नावाच्या दोन फ्रेंच भावांनी शोधला, हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ केलेलेच आहे. पण माणसांना घेऊन मोकळा उडालेला पहिला फुगा दिसायला कसा होता? तो कोणी रंगवला? कोठे रंगवला? त्या माणसाचे पुढे काय झाले? याची माहिती फार थोड्या पुस्तकांत मिळते. आज आपण त्याच माणसाची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव ज्याँ-बाप्तिस्त रेव्हेयों. त्याचा जन्म १७२५ साली पॅरिस शहरात झाला. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो कागद आणि किरकोळ वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराकडे उमेदवारीला राहिला. उमेदवारी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांचे भाऊ गॅरेजमध्ये किंवा शिवणकामाच्या दुकानात काम शिकतात त्यांना सांगायला नको. उस्तादाच्या हाताखाली राहायचे, पडेल ते काम करायचे आणि बघता बघता धंदा शिकायचा. रेव्हेयोंही तसाच शिकला. आपण हाताच्या कष्टावर पोट भरून वर आलो, हे तो पुढे स्वतःच सांगत असे.

त्या काळी श्रीमंतांच्या घरात भिंतींवर भरजरी कापड लावण्याची पद्धत होती. कापड फार महाग. म्हणून इंग्लंडच्या कारागिरांनी एक युक्ती काढली. कागदावर चिकट द्रव्याने नक्षी छापायची आणि ते ओले असतानाच त्यावर लोकरीची बारीक पूड भुरभुरायची. पूड नक्षीवर चिकटून बसते, बाकीची झटकून टाकायची. लांबून पाहिले तर मखमलच वाटावी! असे कागद रेव्हेयों इंग्लंडहून मागवून पॅरिसमध्ये विकू लागला. १७५६ साली फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि ते सात वर्षे चालले. इंग्लंडहून माल येणे बंद झाले. दुसरा एखादा दुकानदार हात चोळत बसला असता. रेव्हेयोंने तो कागद स्वतःच तयार करायला सुरुवात केली.

पॅरिसच्या पूर्वेला फोबूर सेंत-आंत्वान नावाची वस्ती आहे. सुतार, गवंडी, विणकर, लोहार अशा कारागिरांची ती दाट वस्ती होती. तेथे मोंत्रय रस्त्यावर एका श्रीमंत घराण्याचा जुना, ऐटदार वाडा होता. रेव्हेयोंने तो आधी भाड्याने घेतला आणि पुढे १७६७ साली विकतच घेतला. वाड्याच्या दालनांत कारखाना थाटला. मागे प्रशस्त बाग होती. ही बाग लक्षात ठेवा, तिचे काम पुढे आहे.

कारखान्यात काम कसे चालत असे? तेव्हा कागद लांबलचक गुंडाळीत मिळत नसे. एकेक ताव हाताने बनवावा लागे. म्हणून आधी सुमारे चोवीस ताव एकमेकांना चिकटवून नऊ-दहा मीटर लांबीची पट्टी तयार करत. तिच्यावर ब्रशाने पार्श्वभूमीचा रंग देत. रंगात खडूची पूड आणि सरस मिसळलेला असे. हा रंग वाळला की ठशांचे काम सुरू होई. ठसे लाकडाचे असत आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. गुलाबाच्या एका फुलात चार छटा असतील तर चार ठसे, पानांना आणखी दोन-तीन. ठसा केसभर सरकला तरी फुलाचा रंग पाकळीबाहेर जाई. म्हणून ठशाच्या कोपऱ्यात बारीक खुणा असत. त्या खुणांवर नेम धरून कारागीर दुसरा ठसा उमटवी. शेजारी एक लहान मुलगा उभा असे आणि रंगाच्या गादीवर रंग सारखा पसरून देई. चादरींवर किंवा दुपट्ट्यांवर ठसे मारणारे रंगारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे काम लगेच उभे राहील.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रेव्हेयों स्वतः कुंचला हातात घेणारा चित्रकार नव्हता. तो कारखानदार होता. पण चांगल्या चित्राची पारख त्याला होती आणि त्यासाठी पैसा मोजायचीही तयारी होती. ज्याँ-बाप्तिस्त ह्युए यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांकडून तो नमुने काढून घेई. दरबारात कोणती नक्षी आवडते, लोक कोणत्या रंगाला भुलतात, यावर त्याचे लक्ष असे. कागद चांगला मिळत नाही अशी अडचण आली, तेव्हा त्याने कूर्तालें येथील कागदाची गिरणीच ताब्यात घेतली. पुढे त्याच्याकडे तीनशेहून अधिक माणसे कामाला होती. १७८३-८४ च्या सुमारास त्याच्या कारखान्याला 'राजेशाही कारखाना' असा किताबही मिळाला.

आता माँगोल्फिए बंधूंकडे वळू. थोरला जोसेफ आणि धाकटा एतिएन. दक्षिण फ्रान्समधील आनोने गावाजवळ त्यांच्या घराण्याचा कागदाचा कारखाना होता. ४ जून १७८३ रोजी या भावांनी गावातल्या चौकात सर्वांसमक्ष एक मोठा फुगा उडवून दाखवला. तो कापडाचा होता आणि आतून कागद लावलेला होता. त्याचे भाग चक्क बटणांनी जोडलेले होते. ही बटणे सुमारे १,८०० होती! अंगरख्याला बटणे असतात तशी फुग्याला बटणे! हा फुगा सुमारे दहा मिनिटे हवेत राहिला आणि दोन किलोमीटर दूर जाऊन उतरला.

कापडाला आतून कागद कशासाठी? कापडाच्या धाग्यांमधून हवा निसटते. कागद ती अडवतो. आणि मुळात फुगा वर जातो कशामुळे? हवा तापली की पसरते आणि विरळ होते. एक घनमीटर साधी हवा सुमारे १.२ किलो भरते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली तर तिचे वजन एक किलोच्याही खाली येते. म्हणजे दर घनमीटरमागे जेमतेम पाव किलो वजन उचलले जाते. यावरून तुमच्या लक्षात येईल की माणसाला उचलायचे तर फुगा केवढा प्रचंड हवा. गंमत अशी की खुद्द माँगोल्फिए बंधूंना हे कारण नीट उमगले नव्हते. धुरातच काही विशेष शक्ती आहे असे त्यांना वाटे. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून दाट धूर करीत.

हा पाठ शिकवताना माझ्या वर्गातील एका मुलाने विचारले होते, "सर, रंगाने फुगा जास्त उडतो का?" प्रश्न चांगला आहे. उत्तर उलटे आहे. रंगालाही वजन असते. पाव पाव किलोचा हिशेब असताना एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर दिलेला रंग म्हणजे वाढीव ओझेच. मग तो का दिला? त्याचे उत्तर पॅरिसमध्ये सापडते.

आनोनेची बातमी राजधानीत पोहोचताच विज्ञान अकादमीने हा प्रयोग पॅरिसमध्ये दाखवावा असे ठरले. धाकटा भाऊ एतिएन पॅरिसला निघाला. तेथे त्याचा ओळखीचा माणूस कोण, तर रेव्हेयों! दोघेही कागदाच्या धंद्यातले. रेव्हेयोंने आपली बाग, आपले कामगार आणि आपले साहित्य मित्राला देऊ केले. अशा रीतीने भिंतीच्या कागदाचा कारखाना फुग्याचा कारखाना बनला.

घाई करणेही भाग होते, कारण दुसरा स्पर्धक पुढे निघाला होता. जाक शार्ल या शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायू भरलेला फुगा २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमधून सोडला. तो गोनेस नावाच्या खेड्यात पडला. आकाशातून हे कसले जनावर आले म्हणून घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याला झोडपून फाडून टाकले.

रेव्हेयोंच्या बागेत फुगा तयार झाला. सुमारे ७० फूट उंच, निळ्या रंगाचा, त्यावर सोनेरी नक्षी. आनोनेच्या फुग्यात काम होते, थाट नव्हता. पॅरिसच्या फुग्याला रेव्हेयोंच्या घरचा थाट होता. १२ सप्टेंबरला अकादमीची मंडळी तो पाहायला आली. फुगा भरला गेला, जमिनीवरून उचललाही गेला आणि तेवढ्यात वारा सुटून मुसळधार पाऊस कोसळला. कागद आणि कापड पाण्याने भिजले की काय होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कित्येक दिवसांची मेहनत पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चिंध्या होऊन गेली.

आणि अवघ्या सात दिवसांनी व्हर्साय येथे राजासमोर प्रयोग ठरलेला होता! राजाला 'फुगा भिजला' असे सांगण्याची सोय नव्हती. रेव्हेयोंच्या कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झाले. चार-पाच दिवसांत नवा फुगा शिवला गेला, चिकटवला गेला आणि रंगवलाही गेला. माझ्या मते या साऱ्या हकिकतीतला सर्वांत मोठा पराक्रम हाच आहे. फुग्यात बसून जाणाऱ्यांची नावे जगाला पाठ आहेत. ज्यांनी दिव्याच्या उजेडात जागून तो शिवला आणि रंगवला, त्या स्त्री-पुरुषांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

१९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत आणि अफाट जनसमुदाय जमला. फुग्याला कारखानदाराच्या नावावरून 'रेव्हेयों' असेच नाव दिले होते. खाली टांगलेल्या पिंजऱ्यात तीन प्रवासी होते : एक मेंढा, एक बदक आणि एक कोंबडा. उंचावरच्या हवेत प्राणी जिवंत राहतो की नाही, हे पाहायचे होते. फुगा सुमारे आठ मिनिटे उडाला आणि साडेतीन किलोमीटरांवरील वोक्रेसोंच्या रानात उतरला. तिन्ही प्रवासी जिवंत होते. कोंबड्याचा पंख मात्र दुखावला होता. यावर विद्वानांत चर्चा सुरू झाली. हा उंचावरच्या हवेचा परिणाम तर नव्हे? शेवटी कळले की निघण्यापूर्वीच मेंढ्याने त्याला लाथ मारली होती. मेंढ्याला राणीच्या प्राणिसंग्रहात मानाची जागा मिळाली.

आता माणसाची पाळी होती. राजाचे म्हणणे असे की आधी शिक्षा झालेल्या कैद्यांना पाठवावे, मेले तर मेले. पण पिलात्र द रोझिए या तरुणाला हे पटले नाही. आकाशात जाणाऱ्या पहिल्या माणसाचा मान कैद्याला का द्यायचा, असा त्याचा सवाल होता. १५ ऑक्टोबरला रेव्हेयोंच्या बागेतून दोरांनी बांधलेल्या फुग्यात बसून तो सुमारे २५ मीटर उंच गेला. चार दिवसांनी पुन्हा प्रयोग झाले. त्यात त्याच्याबरोबर झिरू द व्हिलेत हा कागदाच्या धंद्यातलाच गृहस्थ शंभर मीटरांपर्यंत चढला. वरून पॅरिस पाहून खाली आल्यावर त्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवले. अशा फुग्यातून शत्रूच्या सैन्याच्या हालचाली पाहता येतील, असे त्याने त्यात सुचवले होते. माणूस पहिल्यांदा ढगांकडे जातो आणि त्याला लढाई आठवते, याचे मला नेहमी नवल वाटते.

२१ नोव्हेंबर १७८३ हा दिवस उजाडला. ला म्युएत येथील वाड्याच्या आवारात नवा फुगा उभा राहिला. उंची सुमारे २३ मीटर, रुंदी १५ मीटर. त्याच्या रंगकामाचे वर्णन त्या काळच्या छापील चित्रांखाली दिलेले आहे. गडद निळ्या पार्श्वभूमीवर अगदी वर कमळासारखी सोनेरी फुले होती. ते फ्रान्सच्या राजघराण्याचे चिन्ह होय. त्याखाली बारा राशींची चित्रे. मध्यभागी राजाच्या नावाची गुंफलेली अक्षरे आणि त्यांच्या जोडीने किरणे फाकणारे सोनेरी सूर्य. त्याखाली लोंबत्या माळा आणि सर्वांत खाली पंख पसरलेले गरुड, जणू तेच फुगा वाहून नेत आहेत. दरबाराच्या दालनात शोभावी अशी ही नक्षी होती. आता ओझे वाढत असताना रंग कशाला, याचा उलगडा होतो. फुगा राजाच्या परवानगीने उडत होता, म्हणून राजाची चिन्हे त्यावर हवी होती. आणि खाली जमलेल्या हजारो लोकांना कारखान्याचे काम दिसत होते, तेही कोणालाही मान उंच करून फुकट पाहता येईल असे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती उडती जाहिरात होती.

पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे त्यात चढले. या खेपेला दोर नव्हता. फुगा पॅरिसवरून तरंगत निघाला. दोघे आगीत पेंढा टाकत होते आणि ठिणग्यांनी कापडाला भोके पडू लागली की ओल्या स्पंजने विझवत होते. कागद, कापड आणि खाली पेटलेली शेगडी! विचार केला तरी अंगावर काटा येतो. सुमारे २५ मिनिटांनी, आठ-नऊ किलोमीटर अंतर कापून, ते शहराच्या दुसऱ्या बाजूला पवनचक्क्यांजवळ सुखरूप उतरले. या उड्डाणाच्या अधिकृत वृत्तान्तावर सह्या करणाऱ्यांत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिनही होते.

यानंतरची पाच वर्षे रेव्हेयोंच्या भरभराटीची गेली. मग १७८९ साल आले. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये पीक बुडाले होते, हिवाळाही भयंकर होता. चार पौंडांची पावाची लादी एरवी आठ-नऊ सूला मिळे. ती फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेली. सू हे तेथले नाणे. चौघांच्या मजूर कुटुंबाला दिवसाला अशा दोन लाद्या लागत आणि साध्या मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू. हिशेब तुम्हीच करून पाहा.

२३ एप्रिल १७८९ रोजी निवडणुकीसाठी भरलेल्या वस्तीच्या सभेत रेव्हेयों पावाच्या भावाविषयी आणि मजुरीविषयी बोलला. पाव स्वस्त झाला तर मजुरीही कमी ठेवता येईल, मालही स्वस्त होईल, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता असे सांगतात. त्याचे नेमके शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत. पण वस्तीत बातमी पसरली ती अशी : "रेव्हेयों म्हणतो, मजुराला दिवसाला पंधरा सू पुष्कळ झाले." उपाशी माणसाच्या कानावर असे वाक्य पडले तर काय होईल? 'अफवा' हा शब्द मराठीने आपल्याकडूनच घेतला आहे. शब्द दोन्ही भाषांत एक आणि तिचा वेगही दोन्हीकडे सारखाच.

२७ एप्रिलला जमाव निघाला. त्याने रेव्हेयोंच्या आणि तसेच बोलल्याचा आरोप असलेल्या आंरियो नावाच्या दुसऱ्या कारखानदाराच्या प्रतिमा जाळल्या. रेव्हेयोंच्या वाड्यापुढे शिपाई होते, म्हणून त्या दिवशी आंरियोचे घर लुटले गेले. दुसऱ्या दिवशी जमाव वाड्यात घुसला. सामान, कागद, रंग, सरस सारे बागेत आणून पेटवले. ज्या बागेतून साडेपाच वर्षांपूर्वी माणूस वर गेला होता त्याच बागेत आता होळी पेटली होती. शेवटी सैन्याने गोळ्या झाडल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे २५ आहे. इतर अंदाज शेकडोंच्या घरात जातात. लगेच दोघांना फाशीही देण्यात आले. इतिहासात ही घटना 'रेव्हेयों दंगल' म्हणून ओळखली जाते. (उर्दूत 'दंगल' म्हणजे कुस्तीचा फड. मराठीत याच शब्दाचा अर्थ 'फसाद' असा होतो. निबंध लिहिताना गल्लत करू नका.)

रेव्हेयों कसाबसा निसटला आणि जीव वाचवण्यासाठी बॅस्टिलच्या तुरुंगात जाऊन राहिला, कैदी म्हणून नव्हे तर आश्रित म्हणून. मेअखेरपर्यंत तो तेथे होता. आपली बाजू मांडणारे एक निवेदन त्याने छापले. माझ्याकडे सर्वांत कमी मजुरी पंचवीस सू आहे, बहुतेकांना तीस ते चाळीस मिळतात आणि कडाक्याच्या थंडीत काम बंद पडले तेव्हाही मी कामगारांना पैसे दिले, असे त्यात म्हटले होते. इतिहासकारांनी पकडलेल्यांच्या याद्या तपासल्या. त्यांत त्याच्या स्वतःच्या कामगारांची नावे आढळली नाहीत, ही गोष्ट त्याच्या बाजूने बोलते. पण ज्यांच्या घरात खरोखरच पाव नव्हता, त्यांना हे निवेदन वाचून काय वाटले असेल? त्यांच्यातील कित्येकांना वाचताही येत नव्हते. रेव्हेयोंला दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि जमावाला गुंड ठरवणेही सोपे आहे. मला दोन्ही पटत नाही.

रेव्हेयों बॅस्टिलमधून बाहेर पडल्यावर दीड-दोन महिन्यांतच, १४ जुलै १७८९ रोजी, पॅरिसच्या लोकांनी तोच तुरुंग फोडला आणि फ्रेंच राज्यक्रांतीला सुरुवात झाली. फुग्यावर ज्याच्या नावाची अक्षरे सोन्याच्या रंगात झळकली होती, त्या सोळाव्या लुईला २१ जानेवारी १७९३ रोजी देहदंड देण्यात आला. पिलात्र द रोझिए त्यापूर्वीच, १७८५ साली, इंग्लंडकडे उडत जाण्याच्या प्रयत्नात फुग्यासह कोसळून मरण पावला होता.

रेव्हेयोंने पुन्हा धंद्यात पाय टाकला नाही. १७९१ साली त्याने कारखाना जाकमार आणि बेनार या भागीदारांना चालवायला दिला. त्यांनी ठसे बदलले. राजचिन्हांची फुले गेली आणि त्याच दालनांत क्रांतीच्या तीन रंगांचे, निळ्या-पांढऱ्या-तांबड्या नक्षीचे कागद छापले जाऊ लागले. रेव्हेयों १८११ साली वारला.

त्याच्या कारखान्याचे कागद आजही पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. वेलींवर डोलणारी फुले, पक्षी, फुलदाण्या, आणि बारकाईने पाहिले तर तावांचे जोडही दिसतात. तो निळा फुगा मात्र उरलेला नाही. तो कसा होता हे आपल्याला कळते ते त्या वेळी छापून रस्त्यावर विकल्या गेलेल्या चित्रांवरून. छापताना ती काळ्या शाईत असत. रंग भरणारे कारागीर मागाहून एकेका प्रतीत हाताने निळा आणि सोनेरी रंग भरत असत.